उत्तम शुक्रवारी वाजलेली घंटा

पवित्र गुरुवारच्या सायंकाळी 'ग्लोरिया' गाइले जात असता देवळाची घंटा भरभरून वाजते आणि मग मुकी होते, ती थेट पुनरुत्थानाच्या जागरणविधीत 'ग्लोरिया' पुन्हा उमटेपर्यंत. मधल्या काळात घंटेचे काम लाकडी मात्राकेने करावयाचे, हे आपल्या घरातील लहान मुलासही ठाऊक असते. असे असूनही २०२४ साली, २९ मार्चच्या उत्तम शुक्रवारी, भर दुपारी बारा वाजता आमच्या धर्मग्रामाची घंटा वाजली. त्या वेळी आम्ही क्रूसाच्या वाटेच्या नवव्या टप्प्यापाशी गुडघे टेकले होते. पहिले तीन ठोके ऐकून माणसे एकमेकांकडे पाहू लागली. पुढचे तीन वाजले तेव्हा आम्ही पुस्तक एका मुलाच्या हाती देऊन पोशाखाच्या खोलीकडे धावलो, आणि अकराव्या ठोक्यानंतर एकदाची संगणकाची तार उपटून काढली.

वाचक विचारतील की, घंटेचा आणि संगणकाचा संबंध काय? तो सांगावयाचा म्हणजे थोडे मागे जावे लागते.

आमच्या देवळाची घंटा ज्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ ओढली त्यांना सारा गाव 'मामा' म्हणतो. सकाळी सहा, दुपारी बारा व सायंकाळी सात या तीन वेळांस आंजेलुसची घंटा कधी चुकली नाही, पावसात नाही की आजारपणात नाही. परंतु माणसाचा खांदा लोखंडाचा नसतो. २०२३च्या पावसाळ्यात मामांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. दवाखान्यातून आल्यावर त्यांना दोर ओढण्याची मनाई झाली. तरुण मुले बेळगावास नोकरीला, उरलेली शाळेत. दिवसातून तीनदा वेळेवर येणार कोण? तेव्हा धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाने ठरविले की, घंटेस विजेची हातोडी बसवावी. एका व्यापाऱ्याने ती २०२४च्या जानेवारीत बसवून दिली. घंटेच्या कडेला विद्युतचुंबकाने ओढली जाणारी हातोडी, खाली एक रिलेची पट्टी, ती पट्टी यु.एस.बी.च्या तारेने कार्यालयातील जुन्या संगणकास जोडलेली, आणि संगणकात त्या व्यापाऱ्याने दिलेली आज्ञावली. वेळ भरली की आज्ञावली रिलेस खूण करी, रिले हातोडीस वीज देई आणि ठोका पडे. सारे यथास्थित चालले होते.

पवित्र आठवडा आला तेव्हा आम्हांस घंटेच्या मौनाचे स्मरण होते. आम्ही आज्ञावली उघडून पाहिली. तीत वार निवडण्याची सोय होती, तारीख निवडण्याची नव्हती. वर्षातले सगळे शुक्रवार वगळता येत होते. उत्तम शुक्रवार तेवढा वगळता येत नव्हता! म्हणून गुरुवारी संध्याकाळी आम्ही संगणकच बंद करून ठेविला. शुक्रवारी अकराच्या सुमारास गायकवृंदातील एका मुलाने गीतांचे कागद छापण्यासाठी तो सुरू केला. संगणक सुरू झाला की आज्ञावली आपोआप जागी होत असे, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? दोष त्याचा नव्हे; त्यास सांगून ठेविले नाही, हा दोष आमचा.

विधी संपल्यावर कोणी आम्हांस बोल लावला नाही. मामा मात्र मागल्या बाकावर बसून राहिले होते. आम्ही जवळ गेलो. ते म्हणाले, "फादर, चाळीस वर्षांत मी ह्या दिवशी दोराला हात लावला नाही." इतकेच बोलून ते मात्राक घेऊन दारापाशी गेले.

ईस्टरनंतर आम्ही व्यापाऱ्यास लिहिले. उत्तर सौजन्याचे होते, पण अर्थ एवढाच की, आज्ञावली जशी आहे तशीच मिळेल. तीत फेरफार करता येणार नाही. आम्ही हताश होऊन ती गोष्ट सोडून देणार होतो. परंतु आमच्याच धर्मग्रामातील एक मुलगी, जी बेळगावास तंत्रनिकेतनात शिकते, ती रविवारच्या मिस्सानंतर म्हणाली, "फादर, यंत्र आपलं आहे न्हवं? मग त्याला काय सांगायचं ते आपणच लिहूया की."

हे वाक्य आम्हांस त्या वेळी धाडसाचे वाटले. छापयंत्र, कळफलक, रिले इत्यादी उपकरणांशी बोलणे हे मोठ्या कंपन्यांतील विद्वानांचे काम, अशी आमची समजूत होती. ती किती चुकीची होती हे पुढल्या दोन महिन्यांत कळले, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्याचे मनात आले.

यु.एस.बी. हे नाव आता खेड्यापाड्यांतही रुळले आहे. मोबाईल चार्ज करावयाची तार ती हीच. परंतु तिच्यातून केवळ वीज जात नाही, संभाषणही जाते. पूर्वी संगणकास प्रत्येक उपकरणासाठी निराळे भोक असे. छापयंत्राचे वेगळे, कळफलकाचे वेगळे, माऊसचे वेगळे. आणि चुकीच्या जागी जोडले तर काही चालत नसे. १९९४ साली सात कंपन्यांनी एकत्र येऊन एकच सामाईक जोडणी ठरविण्याचे काम हाती घेतले आणि १९९६च्या जानेवारीत तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या कामात इंटेल कंपनीचे अजय भट्ट हे अग्रभागी होते. आमच्या वडोदऱ्याच्या वाचकांस सांगावयास आनंद वाटतो की, हे भट्ट तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. घरी छापयंत्र जोडताना कुटुंबीयांची होणारी तारांबळ पाहून आपणांस ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. २०१३ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा सन्मान केला.

या जोडणीची रीत मोठी शिस्तीची आहे. संगणक हा यजमान आणि उपकरण हा पाहुणा. पाहुण्याने आपण होऊन कधी बोलावयाचे नाही. यजमान विचारील तेव्हा उत्तर द्यावयाचे. तार जोडताच यजमान विचारतो, 'तू कोण?' पाहुणा दोन क्रमांक सांगतो, एक त्याच्या कुळाचा व एक त्याचा स्वतःचा. मग आपण कोणत्या जातीचे उपकरण आहो हे सांगतो. आमच्या पट्टीचे क्रमांक ५८२४ व १५०३ असे निघाले. हे क्रमांक व्हिएन्ना येथील एका लहान संस्थेने छोट्या कारागिरांच्या उपयोगासाठी खुले ठेविलेले आहेत, त्यामुळे ते जगभर पुष्कळ उपकरणांना आढळतात. एका गावात एकाच आडनावाची वीस घरे असावीत तसेच हे. म्हणून क्रमांकाबरोबर उपकरणाचे नावही विचारून घ्यावे लागते.

खरी सोयीची गोष्ट पुढे आहे. ही स्वस्त पट्टी आपली ओळख कळफलक व माऊस यांच्या जातीतली म्हणून करून देते. या जातीशी बोलण्याची विद्या प्रत्येक संगणकात आधीपासूनच असते. तीसाठी व्यापाऱ्याकडून निराळी आज्ञावली घ्यावी लागत नाही. उरते ते एवढेच की, पट्टीला कोणते शब्द कळतात ते जाणून घेणे. तेही अनेकांनी आधीच उलगडून सर्वांस मोकळे करून ठेविले आहे. शब्द म्हणजे केवळ नऊ अंकांची एक ओळ: पहिला ०, दुसरा २५५, तिसरा १, आणि पुढे सहा शून्ये. ही ओळ पाठविली की पहिला रिले 'टक्' करून मिटतो व वीज वाहू लागते. दुसऱ्या जागी २५५ऐवजी २५३ पाठविले की तो पुन्हा 'टक्' करून उघडतो. पट्टीवर दोन रिले असले तर तिसऱ्या जागी १ऐवजी २ लिहावयाचे. बस्स, एवढेच तिचे व्याकरण! आम्ही गुरुकुलात असता लॅटिनच्या क्रियापदांची रूपे घोकली, त्यांच्याशी तुलना करता हे फारच दयाळू व्याकरण म्हटले पाहिजे.

मुलीने 'पायथन' नावाच्या भाषेत लिहावयास सुरुवात केली. संगणक जुनाच होता, पण त्यावर तिने 'लिनक्स' ही मोफत मिळणारी प्रणाली बसविली. पहिले दोन दिवस काहीच घडेना. पडद्यावर एकच उत्तर येई की, परवानगी नाही. रिलेची पट्टी दिसत होती, तिचे नाव वाचता येत होते, पण तिला आज्ञा देण्याचा अधिकार साध्या वापरणाऱ्यास नव्हता. यंत्राच्या मुख्य अधिकाऱ्याकडून एका ओळीचा नियम लिहवून घ्यावा लागला की, अमुक क्रमांकाच्या पट्टीशी या मंडळींनी बोलावे. आम्ही थट्टेने म्हणालो की, बिशप महाशयांच्या परवानगीवाचून देवळाला चुना लागत नाही, मग येथेच सूट कशी मिळावी?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयाच्या मेजावर पट्टीने 'टक्' केले. मुलीने हातोडी जोडली नव्हती; मेजावरचा दिवा जोडला होता. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मामा दारात उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "पोरी, दिव्याला ठीक आहे. घंटेला ताल लागतो."

आणि खरोखर तालापाशीच पुष्कळ दिवस गेले. आंजेलुसचे ठोके तीन-तीन-तीन आणि मग नऊ. प्रत्येक तीन ठोक्यांनंतर एक 'नमो मरिये' म्हणून होईल एवढी उसंत हवी. व्यापाऱ्याच्या आज्ञावलीत ही उसंत पाच सेकंदांची होती. म्हातारी माणसे प्रार्थना अर्ध्यावर सोडून पुढल्या ठोक्यामागे धावत. आम्ही अंगणात उभे राहून सावकाश 'नमो मरिये' म्हटले, मुलीने घड्याळ धरले, आणि अठरा सेकंद ठरले. त्याहून नाजूक बाब हातोडीची. रिले जितका वेळ मिटलेला राहील तितका वेळ हातोडी घंटेला चिकटून राहते, आणि चिकटलेली हातोडी नाद मारून टाकते. सेकंदाचे तीन दशांश ठेविले तेव्हा घंटा गुदमरल्यासारखी वाजली. दीड दशांशावर आणल्यावर नाद सुटला. मामांनी डोळे मिटून ऐकले आणि मान हलविली. अशी परीक्षा कोणत्या कंपनीत झाली असती, सांगा बरे?

आता मौनाचा प्रश्न. उत्तम शुक्रवार दरवर्षी निराळ्या तारखेस येतो. दरवर्षी कोणीतरी संगणकात तारीख लिहावी, हा सोपा उपाय होता. परंतु त्याचा अर्थ पुन्हा माणसाच्या स्मरणावर विसंबणे, आणि ते स्मरण किती भरवशाचे याचा अनुभव आम्ही नुकताच घेतला होता. शिवाय धर्मगुरूंच्या बदल्या होतात. आमच्यानंतर येणाऱ्या फादरांस ही गोष्ट सुचेलच असे नाही. तेव्हा पुनरुत्थानाचा रविवार यंत्राने स्वतः मोजावा, असे ठरले.

नियम आपणांपैकी अनेकांस माहीत असेल. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. मात्र ही पौर्णिमा आकाशात पाहून ठरवीत नाहीत, गणिताने काढतात. २०२४ साली गावात होळी झाली त्याच पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ३१ मार्च रोजी ईस्टर आला. २०२५ साली तो हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर, २० एप्रिल रोजी आला. चंद्राच्या तिथी दर एकोणीस वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांवर परत येतात, हे प्राचीनांस माहीत होते. परंतु 'जवळजवळ' या शब्दात मोठी खोच आहे. जुन्या ज्युलियन पंचांगाचे वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. हा फरक साचत साचत सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांचा झाला, आणि ईस्टर ऋतूपासून दूर सरकू लागला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी ही चूक दुरुस्त करविली. इटलीतील कालाब्रियाचे वैद्य लिलियुस यांनी योजना आखली होती. येशूसंघाचे गणिती फादर क्लाव्हियुस यांनी तिचे समर्थन व विवरण केले. १५८२ साली गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर मानला गेला. आज जगभर भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका तीच. ती मुळात ईस्टरची तारीख सावरण्यासाठी निघाली, हे आपल्या मुलांस सांगितले पाहिजे. शाळेत कोणी सांगत नाही.

हे सारे गणित दहा ओळींत मावते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. १८७६ साली 'नेचर' या इंग्रजी शास्त्रीय साप्ताहिकात एका पत्रलेखकाने, स्वतःचे नाव न देता, ईस्टर काढण्याची एक रीत छापविली. तीत चंद्र नाही, तारे नाहीत. केवळ भागाकार व बाक्या आहेत. सालास १९ने भागावे आणि बाकी घ्यावी, हे पहिले पाऊल. २०२७ला १९ने भागले की बाकी १३ उरते. पुढे शतक आणि शतकातील वर्ष निराळे करून आणखी काही भागाकार करावे, की शेवटी महिना व दिवस हाती येतो: २८ मार्च. आम्ही एका रात्री कागदावर हे करून पाहिले. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमले. मुलीच्या आज्ञावलीने तेच उत्तर डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी दिले. मग आम्ही कपाटातून जुन्या दिनदर्शिका व मिस्साग्रंथ काढले. आम्ही साल सांगावे, तिने तारीख सांगावी. एकही चुकली नाही. ईस्टर लवकरात लवकर २२ मार्च रोजी व उशिरात उशिरा २५ एप्रिल रोजी येऊ शकतो. हा उशिराचा योग १९४३ साली आला होता आणि पुढे २०३८ साली येणार आहे. योगायोग असा की, जुन्या धाटणीच्या संगणकांतील घड्याळे २०३८च्या जानेवारीतच संपतात, म्हणजे त्यांच्यात पुढचे सेकंद मोजावयास जागाच उरत नाही. मुलीने आमचा संगणक तपासून घेतला. त्याचे घड्याळ त्यापलीकडे जाते.

ईस्टर सापडला की बाकीचे सोपे. त्यातून तीन दिवस वजा केले की पवित्र गुरुवार. गुरुवारी दुपारची घंटा वाजावी. सायंकाळच्या सातपासून मौन, ते रविवारी सकाळी सहापर्यंत. ईस्टरकाळात आंजेलुसऐवजी 'स्वर्गाच्या राणी' ही प्रार्थना म्हणतात, पण ठोके आमच्याकडे तेच असल्याने तेथे काही बदलावे लागले नाही.

अडचणी आल्या नाहीत असे मात्र कोणी समजू नये. दोन तर आम्ही विसरणार नाही.

पहिली मे महिन्यातली. आपल्याकडे विजेचा लपंडाव नित्याचाच. मुलीने हौसेने अशी तजवीज केली होती की, वीज नसल्याने एखादी घंटा चुकली, तर वीज येताच ती भरून काढावी. एके दिवशी साडेअकराला वीज गेली ती पावणेतीनला आली. संगणक जागा झाला, बाराची घंटा राहिली आहे असे त्याने पाहिले, आणि भर उन्हात घंटा वाजवावयास सुरुवात केली. अवेळी घंटा म्हणजे आपल्या गावांत एकच अर्थ. वरच्या वाडीवरून दोघे-तिघे धापा टाकीत आले. "फादर, कोण गेलं वो?" आम्ही त्यांना पाणी दिले आणि खरे काय ते सांगितले. त्या रात्रीच ती ओळ खोडून टाकण्यात आली. चुकलेली घंटा चुकलीच. प्रार्थनेची वेळ उधारीने फेडता येत नाही.

दुसरी अडचण धोक्याची होती. जून महिन्यात एका सकाळी रिले मिटला आणि नेमका त्याच क्षणी संगणक गोठला. रिले उघडण्याची आज्ञा गेलीच नाही. हातोडी घंटेला दाबून राहिली, आणि तिच्या विद्युतचुंबकाची तार तापून जळका वास येऊ लागला. तार उपटल्याबरोबर रिले सुटला, कारण पट्टीला वीज त्याच तारेतून मिळते. नंतर मुलीने आज्ञावलीत असा बंदोबस्त केला की, मध्येच काही बिघडले तरी बाहेर पडण्यापूर्वी रिले उघडावाच. आणि प्रत्येक ठोक्यानंतर पट्टीला उलट विचारावे की, रिले खरोखर उघडला का. तथापि गोठलेला संगणक कोणताच बंदोबस्त पाळत नाही. म्हणून आमच्या विद्युत कारागिराने रिले व हातोडी यांच्या मध्ये एक लहानसा टायमर बसविला. संगणक काहीही म्हणो, अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ हातोडीस वीज मिळावयाची नाही. जे कोणी असे काही घरी करू इच्छितात त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की, यु.एस.बी.ची पाच व्होल्टची वीज निरुपद्रवी असली तरी रिलेच्या पलीकडे घरची २३० व्होल्टची वीज असते. ते काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे, पट्टी बंद पेटीत ठेवावी, आणि आधी दिव्यावर प्रयोग करावा.

संपूर्ण आज्ञावली सत्तर ओळींच्या आत बसली. तिच्यात कंपनीचे काही नाही, गुपित काही नाही. मुलीने प्रत्येक ओळीशेजारी ती ओळ काय करते ते मराठीत लिहिले आणि कागदावर छापून आम्हांस दिले. आम्ही ते कागद बाप्तिस्म्याच्या नोंदवहीच्या कपाटात ठेविले आहेत. उद्या ती मुलगी नोकरीस पुण्याला गेली किंवा आम्हांस दुसऱ्या धर्मग्रामात पाठविले, तरी मागे राहिलेला कोणी शिकलेला मुलगा त्या वाचून आपल्या गरजेप्रमाणे बदल करील. विकत घेतलेल्या आज्ञावलीत आम्हांस नेमकी हीच एक गोष्ट मिळाली नव्हती. आता शेजारच्या एका धर्मग्रामाने ती प्रत मागून नेली आहे. त्यांची सायंकाळची घंटा साडेसहाला असते. त्यांनी एक अंक बदलला.

कोणी म्हणतील, एवढ्यासाठी इतका खटाटोप? तीनदा घंटा वाजविण्यास एखाद्यास थोडे मानधन देऊन ठेवता आले नसते काय? हा आक्षेप सल्लागार मंडळातही निघाला होता, आणि आम्ही त्यास पोरकट म्हणणार नाही. माणसाच्या हाताने वाजलेल्या घंटेची सर यंत्राच्या घंटेस नाही, हे आम्हीही मानतो. १४५६ साली पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करण्याची आज्ञा केली, तेव्हापासून आजवर गावोगावी किती हात या दोराला लागले असतील! परंतु आमच्यापुढे प्रश्न यंत्र की माणूस असा नव्हता. घंटा बंद पडावी की वाजावी, असा होता.

२०२५चा पवित्र आठवडा आला. १७ एप्रिलच्या गुरुवारी 'ग्लोरिया'च्या वेळी घंटा हाताने वाजविली. दोर काढलेला नव्हताच. सात वाजले तेव्हा आम्ही, खरे सांगावयाचे तर, वेदीवरून कान घंटेकडे लावून होतो. काही वाजले नाही. शुक्रवारी संगणक मुद्दाम चालू ठेविला. बारा वाजताना क्रूसाची वाट चालू होती. मुलगी तिसऱ्या बाकावर होती. तिने मान खाली घातली होती, पण तिच्या हातातील जपमाळ थांबलेली आम्हांस दिसली. बारा वाजून गेले. दारापाशी मामांनी मात्राक फिरविली.

रविवारी सकाळी सहाला घंटा आपोआप वाजली. सोमवारी, २१ एप्रिल रोजी, दुपारी बाराची घंटाही नेमाप्रमाणे वाजली. त्या वेळी आम्हांस कल्पना नव्हती की, पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी, म्हणजे आपल्या घड्याळाने ११ वाजून ५ मिनिटांनी, देह ठेविला होता. वार्ता आली ती एक वाजून गेल्यावर. मुलगी सुटीसाठी घरीच होती, ती धावत आली आणि म्हणाली, "फादर, अठ्ठ्याऐंशी ठोके घालू का? त्यांच्या वयाचे? दोन ओळींचं काम आहे." आम्ही काही बोलण्यापूर्वीच मामा अंगणातून येताना दिसले. त्यांना कोणी बोलाविले नव्हते. "ते राहू दे, पोरी," ते म्हणाले, "तू फक्त मोजत बस."

मुलीने हातोडीची तार काढून ठेविली. मामांनी डाव्या हाताने दोर धरला. एक ठोका, मग दीर्घ उसंत, मग दुसरा. तिसाव्याच्या सुमारास हात थकला तेव्हा त्यांच्या नातवाने दोर घेतला. पुढे गायकवृंदातील तोच मुलगा आला, ज्याने आदल्या वर्षी उत्तम शुक्रवारी संगणक सुरू केला होता. शेवटचे आठ ठोके मामांनी पुन्हा आपल्या हाताने घातले. मुलगी पायरीवर बसून मोजत होती. लोक शेतांतून येत होते, आणि या वेळी कोण गेले हे कोणी विचारीत नव्हते.